वाचकांचे प्रश्न : तीन कॉलेजं, एक विद्यापीठ

मागच्या अंकात शाळा-कॉलेजांच्या परंपरांविषयी पत्रं मागवली होती. सर्वांत जास्त आली ती सातारा आणि सांगलीहून. त्यांतली पाच इथे घेते. माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. त्यामुळे माझी उत्तरं फिरून फिरून रजिस्टरं, वह्या आणि जुन्या फोटोंपाशी येतात. मला कॉलेज तिथेच दिसतं.

प्रश्न : मी साताऱ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं कॉलेज आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाचा भाग झालं आहे. पण कुणी विचारलं की मुलं अजून कॉलेजचंच नाव सांगतात. घरी 'विद्यापीठ' म्हटलं की सगळ्यांना कोल्हापूर आठवतं. आम्ही काही जणांनी विद्यापीठाची म्हणून काहीतरी परंपरा सुरू करायचं मनावर घेतलं आहे. परदेशातल्या विद्यापीठांना प्राण्याचं बोधचिन्ह असतं, ठरलेले रंग असतात, घोषणा असतात. आपणही वाघ ठेवू, असं काही जण म्हणतात. काहींना वाटतं, तिन्ही कॉलेजांचं गॅदरिंग एकत्र घेतलं की झालं. तुम्ही काय सुचवाल?
(एक विद्यार्थिनी, कोरेगाव)

उत्तर : अगं, तुझ्या घरच्यांना कोल्हापूर आठवणारच. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांतल्या पोरांच्या पदव्यांवर वर्षानुवर्षं त्याचंच नाव आलं. तुमचं विद्यापीठ २०२१ चं. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स ही तीन कॉलेजं मिळून राज्य सरकारने ते समूह विद्यापीठ म्हणून उभं केलं. मुंबईत त्याआधी अशाच पद्धतीने जुनी कॉलेजं एकत्र आणून होमी भाभा विद्यापीठ झालं होतं. तेव्हा मुलं कॉलेजचं नाव सांगतात याचं वाईट वाटून घेऊ नकोस. ज्याला आपल्या कॉलेजचा अभिमान नाही, त्याला विद्यापीठाचा कुठून येणार?

वाघाचं आधी सांगते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा बुलडॉग जगभर माहीत आहे. तो आला कसा ते बघ. १८८९ साली तिथल्या एका फुटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्याने एक कुत्रा पाळला. तो त्याला सामन्यांना घेऊन जायला लागला, पोरांना त्याचा लळा लागला, आणि पुढे तो सगळ्या विद्यापीठाचा झाला. समितीने ठराव करून तो आणला नव्हता. साताऱ्याच्या मुलांचं वाघाशी असं काही घडलेलं नाही. छापून आणलेला वाघ मुलांच्या मनात घर करेल असं मला वाटत नाही. शिवाय चिन्ह तुमच्याकडे आहेच. तिन्ही कॉलेजं ज्या रयत शिक्षण संस्थेची, तिचा वटवृक्ष तू शाळेपासून बघत आली असशील.

तुम्ही परंपरा शोधताय, आणि ती तुमच्या पायाखाली आहे. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावात, सत्यशोधकांच्या परिषदेत ही संस्था स्थापन झाली. १९२४ ला ती साताऱ्यात आली आणि भाऊरावांनी इथे बोर्डिंग काढलं. १९२७ मध्ये गांधीजी साताऱ्याला आले, तेव्हा त्यांच्या हातून त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. धनिणीच्या बागेतल्या त्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं राहायची, मुसलमानांचीही. पाणी भरायचं, दळायचं, रांधायचं, झाडायचं, सगळं पोरांनीच, आणि जेवायला एकच पंगत. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. खुद्द भाऊराव कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले, आणि तेवढ्यावरून त्यांना राहतं बोर्डिंग सोडावं लागलं होतं. साताऱ्यात एकत्र पंगत चालवताना धान्य संपायचं, उधारी मिळायची नाही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई, त्यांचे दागिने एकेक करून त्यात गेले आणि अखेर मंगळसूत्रही गेलं. १९३० ला त्या वारल्या. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही 'कमवा आणि शिका' याच रीतीने.

म्हणजे तुमच्याकडची परंपरा हाताने करायची आहे. एकत्र राबायचं आणि एकत्र जेवायचं. तिन्ही कॉलेजांचा यावर सारखाच हक्क आहे, कुणी कुणाचं उसनं घेत नाही. आता तू आणि तुझ्या मैत्रिणींनी करायचं काय, ते सांगते.

एक जाड बांधीव वही घ्या. दर वर्षी तिन्ही कॉलेजांतल्या प्रथम वर्षाच्या प्रत्येकाने पहिल्या आठवड्यात त्या वहीत स्वतःच्या हाताने लिहायचं: नाव, गाव, आणि आपल्या घरातून कॉलेजात पहिल्यांदा कोण आलं. ओळ संपली की सही. मोबाइलवरचा फॉर्म नको. आर्ट्सचा मुलगा, सायन्सची मुलगी, कॉमर्सचा मुलगा, जसे येतील तसे एकाखाली एक. ही वही वर्षभर कपाटात कुलपात ठेवू नका, ग्रंथालयाच्या दारात ठेवा, म्हणजे येता-जाता कुणीही आपल्या गावचं कोण आहे ते शोधेल. खटाव-माणची पोरं एकमेकांना अशीच सापडतात.

सहीची किंमत साताऱ्याला शिकवायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातल्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. रजिस्टरमधला क्रमांक १९१४. एका सुभेदाराच्या पोराची शाळेतली एक नोंद, पण ती जपली गेली म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रभर तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ज्या कारकुनाने ती ओळ लिहिली असेल, त्याला काय माहीत होतं? तुमच्या वहीत कुणाची ओळ पडते आहे हे तुम्हालाही माहीत नाही.

दुसरं, झाडं. टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकाच्या बाजूला किंवा तुमच्याच आवारात, जिथे रीतसर परवानगी मिळेल तिथे, विद्यापीठाचा एक तुकडा ठरवून घ्या. जुलैत झाडं लावून फोटो काढणारे पुष्कळ असतात. मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षा तोंडावर असताना, कॅनने पाणी घालणारे लागतात. पाळी लावताना एका पाळीत तिन्ही कॉलेजांची मुलं ठेवा. ओळख गॅदरिंगच्या स्टेजपेक्षा पाण्याच्या कॅनपाशी लवकर होते, हे मी वर्षानुवर्षं एन.एस.एस.च्या शिबिरांत पाहिलं आहे.

आणि २२ सप्टेंबर. कर्मवीर जयंतीला मिरवणूक निघते, समाधीवर फुलं वाहिली जातात, भाषणं होतात. ते सगळं व्हावंच. तुम्ही त्यात एका पंगतीची भर घाला. भाकरी, पिठलं, ठेचा, एवढंच. वाढणारे प्राध्यापक आणि तिसऱ्या वर्षाची मुलं, जेवणारे पहिल्या वर्षाचे. कुणाच्या शेजारी कोण बसायचं ते चिठ्ठ्या काढून ठरवा, म्हणजे एका कॉलेजचं टोळकं एका कोपऱ्यात बसणार नाही. गॅदरिंग एकत्र घ्यायला माझी हरकत नाही, पण त्यात दोनशे जण नाचतात आणि बाकीचे बघतात. पंगतीत बघणारं कुणी नसतं.

प्रश्न : माझी नात या वर्षी कॉलेजात गेली. ती 'कमवा व शिका' योजनेत नाव घालणार म्हणते. मी स्वतः बोर्डिंगात राहून, कामं करून शिकलो, पण तेव्हा घरात खायला नव्हतं. आता देवाच्या दयेने ऊस आहे, ट्रॅक्टर आहे. तिच्या आजीचं म्हणणं, लोक म्हणतील पोरीला फीचे पैसे देत नाहीत. मला वेगळंच वाटतं: गरज नसताना एखाद्या गरजूची जागा आपण अडवावी का?
(एक आजोबा, कराड तालुका)

उत्तर : दादा, आजींच्या प्रश्नापेक्षा तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी तुमचं. योजनेतल्या जागा मोजक्या असतील तर पहिला हक्क ज्याला त्या पैशावर महिना काढायचा आहे त्याचा. यात मला शंका नाही. तुमच्या नातीने विभागप्रमुखांना सरळ सांगावं: यादी भरली नसेल तरच माझं नाव घ्या, आणि भरली असेल तर मला बिनपैशाचं काम द्या. असं सांगणारी मुलगी कुठल्याही कॉलेजला हवीच असते. ग्रंथालयात, बागेत, प्रयोगशाळेत काम कधी संपत नाही.

पण तिने काम करू नये असं मात्र मी म्हणणार नाही. 'कमवा आणि शिका' ही फी माफीची युक्ती म्हणून सुरू झालेली नाही. बोर्डिंगात पाणी भरायची पाळी आली की पाटलाच्या पोरालाही हंडा उचलावा लागायचा. घरी ज्याने कधी झाडू हातात धरला नव्हता त्याने इथे धरला, त्यातच अर्धं शिक्षण होतं. ही रीत साताऱ्यापुरती राहिली नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी 'कमवा-शिका'ची रीत विद्यापीठाच्या आवारात आणली. पुण्याच्या विद्यापीठात आज जी योजना चालते तिला कर्मवीरांचंच नाव आहे. आणि शाहू बोर्डिंगातून पुढे गेलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील शिवाजी कॉलेजचे प्राचार्य आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हंडा उचलला म्हणून कुणाचं काही कमी झालं नाही, हे आजींना सांगायला एवढं पुरावं.

मी स्वतः या योजनेत होते. माझ्या वाट्याला ग्रंथालय आलं. नवी पुस्तकं आली की आधी दाखल रजिस्टरला नोंद, मग शिक्का: मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर एक, शेवटच्या पानावर एक, आणि मधल्या एका ठरलेल्या पानावर एक. तो मधला शिक्का चोराला माहीत नसतो. मग खळ करायची. मैदा थंड पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मंद आचेवर सारखं ढवळत राहायचं, आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकायचा, म्हणजे कसर लागत नाही. खळ जाड झाली तर कागद फुगतो, पातळ झाली तर पुस्तकात चिकटवलेला कार्डाचा खिसा महिन्याभरात सुटतो. बोटाला खळ लावून दोन बोटं मिटायची आणि उघडायची. तार सुटली की झाली. मोरचूद विषारी असतो म्हणून नंतर हात साबणाने दोनदा धुवायचे, हे आमच्या ग्रंथपाल बाईंनी इतक्या वेळा बजावलं की मी पुढे तेच दुसऱ्यांना बजावत राहिले. त्या कामाने मला फीचे पैसे दिले हे खरंच, पण कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे आणि ते कोण नेतं हेही दिलं. वाचनाची भूक मला त्या खळीच्या भांड्यापाशी लागली.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा. काही ठिकाणी कमवा-शिकाच्या पोरांना ऑफिसात बसवून चहा आणायला, झेरॉक्स मारायला, साहेबांच्या घरचा निरोप द्यायला लावतात. हे मला अजिबात मान्य नाही. ज्या कामातून मुलाच्या हाताला काही येत नाही, ते काम या नावाखाली देणं म्हणजे ज्यांनी ही रीत घातली त्यांचा अपमान आहे. नातीला महिन्याभराने विचारा, काय शिकलीस? तिला पटकन सांगता आलं तर चाललंय ते ठीक. नाही सांगता आलं तर तुम्ही स्वतः जाऊन प्राचार्यांना भेटा. तुमच्यासारख्या जुन्या बोर्डर माणसाचं बोलणं ते ऐकतील.

आजींना एवढंच सांगा, लोकांना बोलायचंच असेल तर तुमच्या नातीच्या हाताचं बाइंडिंग दाखवा.

प्रश्न : युवा महोत्सवात आमचं लोकनृत्य स्टेजवर आलं की दुसऱ्या कॉलेजची पोरं हुर्यो करतात. पुढच्या वर्षी आपणही त्यांची हुर्यो करायची असं आमच्याकडे ठरतंय. यालाच कॉलेजचा अभिमान म्हणायचा ना?
(एक विद्यार्थी, वाई)

उत्तर : नाही रे. तुमच्या लोकनृत्याला हलगी कडक वाजली की हुर्यो आपोआप बुडते, तेवढी हलगी वाजवा. आणि समोरचा संघ चांगला नाचला तर पहिली टाळी तुमच्या बाजूने पडू दे. आमच्या वेळी एका संघाच्या ढोलाचं कातडं ऐन वेळी फाटलं, तर ज्यांच्याशी चुरस होती त्यांनीच आपला ढोल काढून दिला. बक्षीस कुणाला मिळालं ते आता कुणालाच आठवत नाही, ढोल कुणी दिला ते सगळ्यांना आठवतं.

प्रश्न : मी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजची विद्यार्थिनी होते, आता माझी मुलगी तिथे आहे. तिच्या वर्गात वाद झाला की इंग्रज गव्हर्नरचं नाव कॉलेजला कशाला हवं, बदलून टाकावं. मला ते नाव फार जवळचं वाटतं, पण मुलीला उत्तर देता आलं नाही.
(एक माजी विद्यार्थिनी, विश्रामबाग)

उत्तर : ताई, मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे, त्याला भावनेने उत्तर देऊ नका, माहितीने द्या. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने हे कॉलेज १९१९ साली सुरू केलं, म्हणजे तिकडे काल्याला रयत स्थापन झाली त्याच वर्षी. लॉर्ड विलिंग्डन १९१३ ते १९१८ मुंबईचे गव्हर्नर होते. गव्हर्नरचं नाव देण्याची सोसायटीची रीत जुनी, पुण्याचं फर्ग्युसनही तसंच. पण हे गव्हर्नर लोकांना प्रिय होते असं कुणी समजू नये. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत त्यांनी टिळकांचं भाषण मध्येच अडवलं आणि टिळक सभा सोडून निघून गेले. हेच टिळक एके काळी या सोसायटीच्या संस्थापकांपैकी. त्याच वर्षी डिसेंबरात विलिंग्डनचं स्मारक करायचं घाटत होतं तेव्हा जिनांच्या पुढाकाराने मुंबईकरांनी टाउन हॉलमध्ये ती सभा उधळली. पुढे विलिंग्डन व्हाइसरॉय होऊन परत आले आणि १९३२ च्या सुरुवातीला गांधीजींना तुरुंगात टाकलं ते त्यांच्याच राजवटीत.

हे सगळं मुलीला सांगा. कॉलेजच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला सांगितलं गेलं पाहिजे असं माझं मत आहे. मग त्यांनी ठरवावं. मी स्वतः नाव बदलू नये या बाजूची आहे, कारण शंभर वर्षांत त्या नावात भर तुम्ही लोकांनी घातली आहे. कर्नाटकातली मुलं भाषावार प्रांतरचनेच्या आधी शिकायला तिथे यायची. वि. कृ. गोकाक आणि रं. श्री. मुगळी यांच्यासारखे कन्नडचे मोठे लेखक तिथे शिकवत होते, आणि गोकाकांना पुढे ज्ञानपीठ मिळालं. सांगली-मिरजेच्या मधल्या त्या माळावर मराठी आणि कन्नड एका व्हरांड्यात बोलली जायची. पोरं 'विलिंग्डन' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे गव्हर्नर नसतो, तो व्हरांडा असतो. पण मुलीचं मत वेगळं पडलं तर तिला गप्प बसवू नका. वर्गात वाद झाला ही तुमच्या कॉलेजसाठी चांगली खूण आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचा महोत्सवी अंक निघतो आहे आणि इतिहासाचा विभाग माझ्याकडे आला आहे. कागदपत्रं अर्धवट आहेत. जुने लोक जे सांगतात त्यात एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. आख्यायिका छापाव्यात की गाळाव्यात?
(एक प्राध्यापक, सांगली जिल्हा)

उत्तर : सर, छापा, पण आख्यायिका म्हणूनच छापा आणि कुणी सांगितली ते लिहा. साताऱ्याचं उदाहरण घ्या. शिवाजी कॉलेजला मोठी देणगी देऊन आपलं नाव द्या म्हणणारा एक दाता आला, आणि भाऊरावांनी त्याला छत्रपतींचं नाव काही केल्या बदलणार नाही म्हणून परत पाठवलं, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. दर वेळी रक्कम वेगळी ऐकली. रकमेवरून गोष्ट खोटी ठरत नाही, पण रकमेचा आकडा खरा म्हणून छापणंही बरोबर नाही. प्रसंग लिहा, आकडा सोडून द्या.

कागद कुठे मिळतील ते सांगते. प्राचार्यांच्या कपाटातल्या अहवालांपासून सुरुवात करू नका, त्यात सगळं सुरळीत चाललेलं असतं. जनरल रजिस्टर काढा. पहिल्या दहा वर्षांत मुलं कुठल्या गावांहून आली, वडिलांचा धंदा काय, मधेच नाव का कमी झालं, हे शेवटच्या रकान्यात असतं. 'गैरहजर', 'फी न भरल्याने', 'लग्न झाल्याने' असे शेरे वाचले की इतिहास कळायला लागतो. मुलींच्या पहिल्या पाच नावांचा माग काढा, त्या बायका अजून असतील तर आजच फोन करा. वसतिगृहाच्या किराणा वह्या कुणी टाकून दिल्या नसतील तर सोन्यासारख्या आहेत. १९७२ च्या दुष्काळात मेसमध्ये ज्वारी किती आली आणि मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, किती, हे दुसरीकडे कुठे मिळणार? ग्रंथालयाचं दाखल रजिस्टर पाहा, कुठली पुस्तकं कुणी देणगी दिली ते त्यात असतं. जुने वार्षिक अंक आधी स्कॅन करून घ्या आणि मगच हाताळा, कारण त्या काळच्या न्यूजप्रिंटचे तुकडे पडतात.

माणसांशी बोलताना 'आठवणी सांगा' म्हणू नका. असं म्हटलं की लोक भाषण करतात. विचारा: सकाळी किती वाजता उठवायचे? अंघोळीला पाणी कुठून? पहिल्या दिवशी अंगावर काय होतं? भांडण झालं ते कशावरून? एकच गोष्ट दोघांना वेगवेगळं गाठून विचारा. जिथे दोघांचं जुळतं ते ठामपणे लिहा, जिथे जुळत नाही तिथे दोन्ही लिहा. आणि नुसत्या प्राचार्यांच्या, अध्यक्षांच्या मुलाखती घेऊन थांबू नका. मेसमधल्या मावशी, माळीमामा, बेल देणारे शिपाई, प्रयोगशाळेतले सहायक, यांनी सगळ्या प्राचार्यांचा काळ पाहिलेला असतो. माझ्या कॉलेजात कुठली खोली आधी कशासाठी होती याची पक्की माहिती एका शिपायांकडेच होती. ते निवृत्त झाले तेव्हा ती लिहून घेण्याचं आधी कुणाला सुचलं नाही, म्हणून आज तिथल्या एका इमारतीचं साल तीन ठिकाणी तीन प्रकारे छापलेलं आहे.

फोटोंचं एक. ग्रुप फोटो घेऊन जुन्या माणसाकडे जाल तेव्हा मूळ फोटो नेऊ नका. मोठी झेरॉक्स काढा, प्रत्येक चेहऱ्यावर आकडा घाला, आणि वेगळ्या कागदावर आकड्यापुढे नाव लिहून घ्या. मूळ फोटोच्या मागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढून दिसतो आणि शाई काही वर्षांत आरपार येते. आपल्याकडच्या पावसात फोटो एकमेकांना चिकटतात, तेव्हा मध्ये साधा पांढरा कागद घाला, प्लास्टिक नको.

अंक छापायला जाण्याआधी मसुद्याची एक प्रत त्या शिपाईमामांना आणि मावशींना वाचून दाखवा. वाचता येत नसेल तर कुणी विद्यार्थी बसवून मोठ्याने वाचायला लावा. नावं कुठे चुकली, कुणाचं राहिलं, ते तेच सांगतील, आणि प्रूफ हातात असेपर्यंत दुरुस्ती करता येते.